रूम पार्टनर

ग्रंथालयात जाऊन ‘पार्टनर’ मागितलं की हातात व. पु. काळे येतात. मराठीत त्याच नावाची आणखी एक कादंबरी आहे, बिंदुमाधव खिरे यांची. खिरे म्हणजे पुण्यात २००२ साली समपथिक ट्रस्ट सुरू करणारे. त्यांची ‘पार्टनर’ ही एका समलिंगी मुलाच्या मोठं होण्याची गोष्ट. ती मागितली की टेबलामागचा माणूस विचारतो, “वपुंचीच ना?” आता मागे चारजण उभे असताना मोठ्याने “नाही हो, ती दुसरी” म्हणायचं, की गुपचूप वपु घेऊन घरी यायचं, हे त्या दोन सेकंदांत ठरवावं लागतं. गुपचूप वपु घेऊन आलेले माझ्या ओळखीचे तिघं आहेत. तिघांनाही वपु आवडले, हा भाग वेगळा.

माझ्या गावात या शब्दाचा तिसरा अर्थ आहे आणि तो सगळ्यांत जास्त वापरला जातो: रूम पार्टनर. करावे हे आगरी-कोळ्यांचं गाव. पाम बीच रोडवरून जाताना तुम्ही ते पाहिलंच असेल, गाव म्हणून नव्हे, उंच इमारतींच्या मधली एक दाट, बुटकी वस्ती म्हणून. १९७० मध्ये सिडको आली, भातशेती आणि मिठागरं गेली. पुढे स्टेशन झालं, त्याच्या नावात सीवूड्सला जोडून शेजारचं दारावे आलं, आमचं करावे राहिलं. जमीन गेल्यावर उरलं ते गावठाणातलं घर. ते वर वाढत गेलं आणि त्याच्या खोल्या भाड्याने लागल्या. आमच्याही घराच्या वरच्या मजल्यांवर भाडेकरू आहेत. आमच्या पिढीचं शिक्षण भाताच्या नाही, भाड्याच्या पैशांवर झालं.

भाडेकरूंमध्ये दोन पुरुष एकत्र राहत असतील तर गाव काही विचारत नाही. मुलगा-मुलगी असतील तर लग्नाचा पुरावा मागतात, दोन मुली असतील तर रात्री किती वाजता येतात यावर गल्लीचं लक्ष असतं. दोन मुलगे म्हणजे रूम पार्टनर, विषय संपला. इतका सोयीचा शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल का, मला शंका आहे. तो लपवतोही आणि खरंही बोलतो.

हे सगळं मला सुचायला लागलं ते आमच्या वाचनाच्या टोळीमुळे. टोळी चौघांची. एक गावातलीच, माझ्याहून चार वर्षांनी लहान, नेरूळच्या एका हॉस्पिटलात नर्स. एक बँकेतल्या ताई, वय एक्केचाळीस, दोन मुलांच्या आई. एक बोटीवरचा. तो मूळचा साताऱ्याकडचा, इथल्या टी. एस. चाणक्यमध्ये शिकला आणि आता मालवाहू जहाजावर अधिकारी आहे. आणि मी. चौघांत एकच गोष्ट समान: आम्ही दोन पुरुषांच्या प्रेमकथा वाचतो. चौघांपैकी समलिंगी दोघंच. ताई आणि नर्स नाहीत, आणि तरी त्यांचं वाचन आम्हा दोघांच्या तिप्पट आहे. थंडीत खाडीवर फ्लेमिंगो आले की चाणक्यच्या मागच्या बाजूला बाहेरचे लोक मोठ्या लेन्स घेऊन येतात. त्या गर्दीत आम्ही तासन्‌तास उभं राहून काय बोलतोय याकडे कुणी बघत नाही.

पहिलं मोठं भांडण ‘कोबाल्ट ब्लू’वरून झालं. सचिन कुंडलकरांची ही छोटी कादंबरी २००६ मध्ये आली, म्हणजे तेव्हा कलम ३७७ जिवंत होतं आणि आम्ही शाळेत होतो. पुण्यातलं एक मध्यमवर्गीय घर, त्यात पेइंग गेस्ट म्हणून आलेला एक तरुण. घरातला मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो, आणि त्याची बहीण अनुजाही. पहिला अर्धा भाग तनय बोलतो, निघून गेलेल्या त्या माणसाला ‘तू’ म्हणून. दुसऱ्या अर्ध्यात अनुजाची डायरी. भाडेकरूला नाव नाही.

बोटीवरच्याला ही कादंबरी मुळीच आवडली नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की तो माणूस जातो. “आपल्या पुस्तकांतले सगळे जातात. कुणी गाव सोडतो, कुणी लग्न करतो, कुणी मरतो. एकाला तरी संध्याकाळी घरी येऊ दे ना.” नर्सला अनुजाचा भाग आवडला. तिच्या मते खरी कादंबरी तिथेच आहे, कारण घरातल्या मुलीला नुसतं दुःख करायलाही परवानगी लागते, तनयला निदान कुणी बघत तरी नाही. मी तिसरा. माझ्या मते त्या कादंबरीत सगळ्यांत धाडसाची गोष्ट प्रेम नाही, खोली आहे. भाडेकरूची खोली घराच्या आत असते आणि घराच्या बाहेरही. तिथे जायला तनयला उंबरा ओलांडावा लागत नाही, कुणाला सांगावं लागत नाही. मी भाड्याच्या खोल्या असलेल्या घरात वाढलोय, त्यामुळे असेल, पण त्या खोलीचा उजेड, वास, तिथे कुणीतरी आपलं आयुष्य आपल्या हिशोबाने मांडून राहतंय ही भावना, हे वाचताना मला माझ्या घराचा जिना दिसत होता. २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर त्याचा सिनेमा आला तेव्हा गोष्ट पुण्याहून केरळात गेली आणि पात्रं हिंदी-इंग्रजी बोलायला लागली. ताईंना सिनेमा जास्त आवडला. त्यावरून आठवडाभर ग्रुपवर शांतता होती.

ताईंचं वाचन मुळात चिनी आणि थाई. चिनीत या प्रकाराला दानमेई म्हणतात, त्यातल्या मो श्यांग तोंग श्यू या लेखिकेच्या जाडजूड कादंबऱ्यांचे इंग्रजी अनुवाद २०२१ च्या अखेरीपासून छापील स्वरूपात यायला लागले. त्याआधी चाहते स्वतःच अनुवाद करून एकमेकांना देत होते, आणि ताईंनी बहुतेक सगळं त्या काळात, बँकेच्या जेवणाच्या सुटीत, फोनवर वाचलंय. मुलांना वाटतं आई शेअर मार्केट बघते. ताई बोलतात कमी, पण एकदा आम्ही “हे सगळं टाइमपास आहे” असं काहीतरी म्हणालो तेव्हा त्यांनी सांगितलं, की २०१८ साली चीनमध्ये थ्येन यी या टोपणनावाने असली कादंबरी लिहून विकणाऱ्या बाईला साडेदहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ३७७ चा फास सोडवला. “तुम्ही खाडीवर उभं राहून हसताय,” त्या म्हणाल्या, “ती बाई तुरुंगात गेली, टाइमपाससाठी.”

मग प्रश्न येतोच, आणि तो मीच काढला. बायका का लिहितात आणि वाचतात हे? फॅन फिक्शनमधला हा प्रकार मुळात बायकांनीच वाढवला. ‘स्टार ट्रेक’मधल्या कर्क आणि स्पॉक यांची प्रेमकथा १९७४ मध्ये एका चाहत्यांच्या अंकात पहिल्यांदा छापली गेली, ती लिहिणारी बाईच. दोन नावांच्या मधे जी तिरकी रेघ देतात, तिच्यावरून त्याला ‘स्लॅश’ नाव पडलं. जपानी मांगातले सेमे आणि उके, थाई मालिकांतले कॉलेजचे देखणे इंजिनिअर, सगळीकडे मला एक खटकतं: एकजण उंच, कमी बोलणारा, पैसेवाला; दुसरा लहानखुरा, लाजरा, पटकन रडणारा. म्हणजे नवरा-बायकोच, फक्त बायकोला मिशा फुटू शकतात. माझं आयुष्य हे कुणाचं तरी कॉस्प्ले आहे असं वाटायला लागतं.

नर्स चिडली नाही. ती म्हणाली, “दादूस, मी कुठलीही साधी लव्ह स्टोरी वाचते ना, तेव्हा मधेच हिशोब चालू होतो. ही नोकरी सोडणार का, सासू कशी आहे, हिचं पोट कधी पुढे येणार. हिरॉइन आली की मी ड्युटीवर जाते. दोन पोरांच्या गोष्टीत भाकऱ्या कोण थापणार हे आधीपासून ठरलेलं नसतं. मला ते वाचायचं असतं. तुझ्यासाठी नाही वाचत मी.”

शेवटचं वाक्य मला आवडलं. पटलं अर्धंच. कुणाच्या सुटीच्या ठिकाणी आपण राहतो ही भावना पूर्ण जात नाही. करावेत राहणाऱ्याला ती तशीही ओळखीची आहे, फ्लेमिंगोंच्या मोसमात.

इंग्रजी कादंबऱ्यांवर आमचं बऱ्यापैकी एकमत होतं. केसी मॅकक्विस्टनची ‘रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू’ (२०१९) मजेदार आहे, पण अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचा मुलगा आणि इंग्लंडचा राजपुत्र, म्हणजे अडचण आली की हेलिकॉप्टर. अॅलिस ओझमनची ‘हार्टस्टॉपर’ चित्रकथा शाळेतल्या मुलांची आहे आणि ती वाचून आम्हा दोघांना, म्हणजे बोटीवरच्याला आणि मला, आनंदापेक्षा हेवा जास्त वाटला. आमच्या वर्गात असा कुणी असता तर त्याला काय नावं पडली असती ती आम्हाला पाठ आहेत. मग २०२५ च्या नोव्हेंबरात ‘हीटेड रायव्हलरी’ची मालिका आली आणि रेचल रीडची २०१९ ची कादंबरी सगळ्यांनी शोधून वाचली. आइस हॉकीतले दोन प्रतिस्पर्धी, शेन आणि इल्या, वर्षानुवर्षं हॉटेलच्या खोल्यांत चोरून भेटतात, आणि सरतेशेवटी तळ्याकाठच्या कॉटेजवर पोचतात. बर्फाची हॉकी आमच्यापैकी कुणी बघितलेली नाही. पण कॉटेज! दोन आठवडे, कुणी नाही, दार वाजत नाही. आमच्या ग्रुपवर महिनाभर ‘कॉटेज’ हा शब्द नवस बोलल्यासारखा वापरला जात होता.

इथे बोटीवरच्याचं थोडं सांगायला हवं. समुद्रात नेटवर्कचा भरवसा नसतो. त्यामुळे चढण्याआधीच्या रात्री तो आर्काइव्ह ऑफ अवर ओन या साइटवरून पन्नास-साठ फॅनफिक उतरवून घेतो. तिथे प्रत्येक गोष्टीची ई-पब फाइल मिळते. ही साइट २००९ पासून चालू आहे, स्वयंसेवक चालवतात, जाहिरात नाही, पैसे नाहीत, आणि २०१९ मध्ये तिला विज्ञानकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिचं नाव व्हर्जिनिया वुल्फच्या ‘अ रूम ऑफ वन्स ओन’वरून घेतलंय. पुन्हा खोलीच. तिथे गोष्टीच्या आधी लेबलं असतात: हळूहळू जुळणारं प्रेम, एकच पलंग, कुणीही मरत नाही. हे शेवटचं लेबल तो आधी तपासतो. जहाजावर बावीस पुरुष, त्यातल्या एकालाही त्याने सांगितलेलं नाही. “चार महिने मी गप्प असतो,” तो म्हणतो, “रात्री केबिनमध्ये वाचायला घेतलेल्यालाही मारून टाकलं तर मग मी काय करू?”

सुखान्त म्हणजे हलकं साहित्य, असं आपल्याकडे समजतात. मला त्यावर ई. एम. फॉर्स्टर आठवतो. त्याने ‘मॉरिस’ १९१३-१४ मध्ये लिहिली आणि दोन पुरुषांना शेवटी एकत्र ठेवायचंच हे आधीच ठरवलं होतं. त्या काळात शोकान्त लिहिला असता तर कदाचित छापता आलाही असता. सुखान्त म्हणजे गुन्ह्याचं कौतुक. पुस्तक १९७१ मध्ये, तो गेल्यानंतर बाहेर आलं. आणि मधल्या काळात, १९२१ मध्ये, हा गृहस्थ देवासला होता, थोरल्या पातीच्या पवार महाराजांचा खासगी सचिव म्हणून. म्हणजे एका मराठी दरबारात फेटा बांधून वावरत होता आणि विलायतेत त्याची प्रेमकथा कुलुपात होती. ही माहिती मी ग्रुपवर टाकली तेव्हा बोटीवरच्याने विचारलं, “मग देवासच्या गॅझेटमध्ये काही नाही का?” त्याला प्रत्येक गोष्टीचा पुढचा भाग हवा असतो.

आता नर्सच्या गोष्टीकडे येतो, कारण खरं भांडण तिच्यावरून आहे. हॉकी तिला कळेना, म्हणून तिने शेन आणि इल्याला कबड्डीत आणलं. एक करावेचा चढाईपटू, दुसरा उरणकडचा डावा कोपरारक्षक. नावंही बदलली, मूळचं राहिलं ते फक्त वैर आणि चोरून भेटणं. मला ही युक्ती फार आवडली. कबड्डीत पुरुष पुरुषाला सगळ्या गावासमोर कवेत घेतो, मांडी धरतो, जमिनीवर दाबून ठेवतो, आणि बायाबापड्या टाळ्या वाजवतात. ‘पकड’ हा शब्द तिने असा वापरलाय की त्यानंतर मला सामने बघताना अवघडायला होतं. चढाईत दम सोडता येत नाही, एकसारखं कबड्डी कबड्डी म्हणत राहावं लागतं. तिचा नायक पहिल्यांदा त्याच्या हातात सापडतो आणि दम विसरतो. पंच बाद देतात. बस, एवढाच प्रसंग, दोन पानं.

सुरुवातीला तिने हे इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. मराठीत आणायचं ठरलं आणि आम्ही चौघंही अडकलो. आधी वाटलं, सर्वनामांचा गोंधळ होईल. इंग्रजीत दोघंही ‘ही’, त्यामुळे फॅनफिकवाले ‘उंच माणूस’, ‘सोनेरी केसांचा’ असली विशेषणं लावत बसतात. ‘त्याने त्याचा हात त्याच्या हातात घेतला’ हे मराठीतही तितकंच वाईट. पण मराठीत ‘आपला’ आहे. ‘त्याने आपला हात त्याच्या हातात दिला’, झालं, कुणाचा हात हे लख्ख कळलं. मग आणखी एक सापडलं. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे. उरणचा मुलगा पंधरा भाग ‘आम्ही’ म्हणतो: आम्ही उरणवाले, आम्ही हरणार नाही. सोळाव्या भागात, नेरूळ–उरण लोकलमध्ये, खाडी मागे पडताना तो म्हणतो, “आपण कुठं उतरायचं?” ताईंनी तिथे खाली नुसतं लिहिलं, ‘मी बँकेत रडले.’

कबुलीचं वाक्य मात्र जमेना. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे मराठीत प्रत्यक्ष म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही. ते डब केलेल्या सिनेमात म्हणतात. शेवटी नर्सने ते आगरीत लिहिलं: “माना तू आवरतस.” आगरीत ‘ड’चा बऱ्याचदा ‘र’ होतो, गाडीची गारी, तसं ‘आवडतोस’चं हे. पण प्रमाण मराठीच्या कानाला ते ‘तू मला आवरतोस’ असं ऐकू येतं, पसरलेल्या माणसाला गोळा केल्यासारखं. साताऱ्याच्या बोटीवाल्याने तसंच वाचलं आणि त्याला तेच जास्त आवडलं. शृंगाराच्या प्रसंगात तर शब्दच नाहीत. जे आहेत ते डॉक्टरचे, नाहीतर शिवीचे, नाहीतर नाट्यगीतातले. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या असल्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली, त्यापायी १९३४ मध्ये कोर्टात उभे राहिले, त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. (आमचं गाव करावे, ते कर्वे, काही नातं नाही.) पण कर्व्यांची भाषा डॉक्टरी होती आणि तिचं काम तेच होतं. प्रेम करणाऱ्याने अंधारात काय म्हणायचं, हे त्यानंतर कुणी फारसं ठरवलं नाही. नर्सने त्या जागी दोघांना गप्प ठेवलं आणि फक्त पंख्याचा आवाज लिहिला. मला वाटतं ती हरली. ती म्हणते, ड्युटीवरून आल्यावर तुला हे लिहून बघ.

भांडण पुढच्या भागावरून झालं. तिने हळद लिहिली. करावेतली हळद म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांना कसं सांगू: बेंजो, मटण, पहाटेपर्यंत नाच, सगळं गाव. दोन नवरदेव, दोघांना एकाच पाटावर बसवलंय, आणि धवलारीण गाते आहे. आगऱ्यांच्या लग्नात विधीची गाणी धवलारीण म्हणते, तिच्या धवल्यांशिवाय लग्न लागत नाही असं जुनी माणसं मानतात. तिच्या गाण्यांत नवरा असतो आणि नवरी असते. नर्सच्या गोष्टीतली म्हातारी धवलारीण नवरीच्या जागी आली की अडखळते, एक श्वास थांबते, आणि तिथे पुन्हा नवऱ्याचंच नाव घेऊन पुढे जाते. गावात कुणी काही बोलत नाही, कारण तिच्या मधे बोलायची कुणाची प्राज्ञा नसते.

मी म्हणालो, हे खोटं आहे. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने असं लग्न मान्य करायला नकार दिला, आणि तू गावाकडून मान्य करून घेतेस? ती म्हणाली, हळदीला कोर्ट कधीपासून लागायला लागलं. मी म्हणालो, तू आपल्या गावाला ओळखत नाहीस का. ती म्हणाली, “ओळखते म्हणून तर म्हातारीला आणलं. तरण्यांना आणलं असतं तर खोटं झालं असतं.” बोटीवरचा अर्थातच तिच्या बाजूने. ताईंना वेगळंच हवं होतं: हळदीनंतरचं. केंद्र सरकारने २०२४ मध्ये स्पष्ट केलं, की अशा जोडीदारांनी बँकेत जॉइंट खातं काढायला आडकाठी नाही, आणि रेशनकार्डासाठी त्यांना एकाच घरातलं धरावं असं राज्यांना कळवलं. “त्यांना माझ्या बँकेत पाठव,” ताई म्हणाल्या, “मी फॉर्म भरून घेते.” आणि नर्सने खरंच एका भागात बँकेतली एक चष्मेवाली बाई आणली.

मला हळद का झोंबली हे त्या तिघांना माहीत आहे. मी अठ्ठावीसचा आहे, यंदा माझ्या दोन चुलतभावांच्या हळदी झाल्या, आणि प्रत्येक हळदीत कुणीतरी माझ्या गालाला जास्तीची हळद फासून ‘पुढचा नंबर’ म्हणालं. माझा आक्षेप साहित्यिक होता असं मी म्हणणार नाही. पण तो तेवढाच होता असंही नाही. ‘साबर बोंडं’ बघा. रोहन कानवडेचा हा सिनेमा २०२५ मध्ये सनडान्सला मोठा पुरस्कार मिळवून आला. वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी गावी आलेला आनंद आणि त्याचा लहानपणीचा मित्र बाळ्या. तिथे लग्नासाठी मागे लागणारे नातेवाईक आहेत, सुतकाचे नियम आहेत, आणि सगळं ठाऊक असलेली आई आहे. कुणी भाषण करत नाही. गावही बदलत नाही. दोघं फक्त सावलीत बसायला जागा शोधतात. मला फॅनफिककडूनही तेच हवंय: गावाने टाळ्या वाजवायला नको, त्याने फक्त आपल्या कामात असावं. नर्स म्हणते हे माझं मागणं फार कमी आहे, आणि कमी मागणाऱ्यांना कमीच मिळतं.

एका बाबतीत मात्र मी तिला सरळ नाही म्हणालो. आमच्या घरी वरच्या खोलीत चार वर्षांपासून दोघं राहतात. तिला त्यांच्यावर लिहायचं होतं. ते दोघं कोण आहेत, एकमेकांचे काय आहेत, मला माहीत नाही आणि मी विचारलेलं नाही. जिन्यात भेटले की पाण्याच्या मोटरवर बोलतो. खऱ्या माणसांच्या जोड्या लावून लिहिणं हा फॅन फिक्शनमधला जुना वाद आहे. नटांवर, खेळाडूंवर लिहिणारे म्हणतात, त्यांना कुठे कळतंय. वरच्यांना कळेल, कारण जिना एकच आहे. शिवाय ते रूम पार्टनर आहेत, आणि त्या शब्दाच्या आत जे काही असेल ते त्यांचं भाडं भरून घेतलेलं आहे. इथे लिहितानाही मी त्यांच्याबद्दलच्या दोन-तीन गोष्टी बदलल्यात.

गेल्या महिन्यात त्यांचा अकरा महिन्यांचा करार संपला. एका दलालाने बापूसला सांगितलं, फॅमिलीला द्या, दोन हजार जास्त मिळतील. बापूसने आईकडे बघितलं. खोल्यांचा कारभार तिचा. ती कोळंबी सोलत होती. “ऱ्हाऊं दे,” ती म्हणाली, “गुनाची पोरं हायीत.” दलाल म्हणाला, आज ना उद्या लग्न करून जातीलच की ती. आई म्हणाली, “नाय गेली तं?” आणि सोलत राहिली. दलालाला काही सुचलं नाही. मलाही.

रविवारी सकाळी करार नोंदवणारा एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन आला. बापूसचा अंगठा दोनदा उमटला नाही, तो मिठागरात गेलेला अंगठा आहे. मग वरचे दोघं खाली आले. आईने पाट सरकवले, चहा ठेवला. एजंटने नावं टाइप करता करता सहज विचारलं, “दोघं भाऊ का?”

“नाही,” त्यातला धाकटा म्हणाला.

एजंट पुढचं काही ऐकायला थांबला. दोघांपैकी कुणी काही बोललं नाही. आई म्हणाली चहा निवतोय. एजंटने मशीनची काच रुमालाने पुसली आणि ती पहिल्याच्या पुढे धरली.